थांबायचे दिवस कापू नका



गेल्या आठवड्यात कोठी रोडवर सकाळच्या फिरण्यात एका जुन्या मित्राशी माझं चांगलंच वाजलं. विषय राजकारण नव्हता आणि सिंहस्थासाठी रुंद होणारे रस्तेही नव्हते. (उज्जैनात सध्या हे दोनच विषय चालतात.) विषय होता किलिमांजारो. त्यांचा मुलगा तीन मित्रांना घेऊन आफ्रिकेतला हा डोंगर चढायला चाललाय. पॅकेज पाच दिवसांचं. टूरवाल्यांनी सात दिवसांचंही दिलं होतं. शिवाय त्याआधी मेरू नावाचा शेजारचा डोंगर चार दिवसांत चढून घ्या, म्हणजे उंचीची सवय होईल, असंही सुचवलं होतं.

मित्र म्हणाले, "अरे, धंदा आहे त्यांचा. एक डोंगर मागायला गेलो तर दोन विकतात. मुलं जिममध्ये जातात, मॅरेथॉन पळतात. त्यांना कसली सवय नि काय!"

माझा आवाज चढला. इतका, की पुढे चाललेल्या दोन बाया वळून बघायला लागल्या. घरी माधव नगरला आलो, चहा घेतला, तरी डोकं तापलेलंच. आमची ही म्हणाली, "त्यांच्यावर ओरडून काय होणार? लिहून टाका. इथे पुष्कळांची मुलं हल्ली असल्या डोंगरांवर जातात." म्हणून हा लेख. मी गिर्यारोहक नाही. बी.कॉम. होऊन बँकेत लागलेला, सदतीस वर्षं लेजर आणि कर्जाच्या फायली बघितलेला माणूस आहे. पण या एका बाबतीत मी बोलायला लायक आहे. कारण लायकीचं नाही, चुकीचं आहे. ते आधी सांगतो.

सन २००६. जून महिना. बँकेची एलएफसी घेऊन आम्ही दोघं लेहला गेलो. आमच्यातल्या बँकवाल्यांना एलएफसी म्हणजे काय ते सांगायला नको. चार वर्षांतून एकदा मिळणारा तो परवाना, त्यात जेवढं बसवता येईल तेवढं बसवायचं. दिल्लीहून विमानानं सकाळी लेहला उतरलो. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे. आपलं उज्जैन ४९० च्या आसपास. म्हणजे तासा-सव्वा तासात तीन हजार मीटर वर. हॉटेलचा मालक लडाखी, वयस्कर, शांत माणूस. चाव्या देताना म्हणाला, "साहब, दो दिन कहीं मत जाना. कमरे में रहो, चाय पियो, सोओ."

मी मनात हिशेब केला. दहा दिवसांची रजा, त्यातले दोन प्रवासात गेले, आणखी दोन खोलीत झोपून घालवायचे? खोलीचं भाडं काय झोपण्यासाठी भरलं? दुसऱ्याच दिवशी गाडी करून खारदुंग ला गाठला. तिथल्या पाटीवर तेव्हा उंची जास्त लिहिलेली होती, पण खरी मोजणी ५३५९ मीटर आहे. तीही काही कमी नव्हे. वर फोटो काढले, फौजी कँटीनचा चहा प्यायलो. हिचं डोकं दुखत होतं. मी म्हटलं, उन्हाचं असेल.

रात्री दोन-एक वाजता ही उठली. चपला उलट्या घातल्या आणि दाराऐवजी कपाटाकडे चालायला लागली. पाय दारू प्यायल्यासारखे पडत होते. मी हात धरला तर मला तिच्या भावाच्या नावानं हाक मारली. हॉटेलवाल्यानं एक शब्द न बोलता जीप काढली. सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. तरुण डॉक्टरनं मला एकच प्रश्न विचारला, "कल कहाँ गए थे?" मी उत्तर दिलं, आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं, ती नजर मला आजही आठवते. मेंदूला सूज यायला लागली होती. सकाळच्या विमानानं दिल्लीला खाली आलो आणि संध्याकाळपर्यंत ही भाजी चिरायला सुरी मागत होती, इतकी ठीक झाली. उंचीचा आजार असा विचित्र असतो. खाली उतरलं की माणूस परत येतो. उतरायला उशीर झाला तर नाही येत.

दोष ना हॉटेलचा, ना गाडीवाल्याचा. दोष माझ्या हिशेबाचा होता. दोन दिवसांचं भाडं वाचवायला निघालो होतो.

आता मेरूकडे येतो.

२०१८ च्या फेब्रुवारीत आम्ही मुलाकडे दार-ए-सलामला होतो. टांझानियाचं हे शहर अगदी समुद्राला लागून आहे, उंची जवळजवळ शून्य. मुलाला किलिमांजारो चढायचा होता. माझा पुण्याचा पुतण्याही येणार होता. मुलगा तेव्हा चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेलं. पुतण्या एकोणतीस वर्षांचा, पळणारा, सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेला. कार्यक्रम ठरवताना ही मध्ये बसली आणि म्हणाली, "या वेळी दिवस मी मोजणार." आधी मेरू, मग दोन दिवस आराम, मग किलिमांजारो. मुलानं रजा वाढवून घेतली. पुतण्याला रजा नव्हती. तो थेट किलिमांजारोलाच येणार होता.

मेरूला मीही जाईन म्हटलं. वरपर्यंत नाही, जमेल तिथपर्यंत. तेव्हा मी पासष्टीचा होतो. निघण्याआधी इंदूरला टीएमटी वगैरे करून घेतली होती, डॉक्टरांनी हरकत घेतली नव्हती. ही आणि सूनबाई खाली अरुशा गावातच राहिल्या. अरुशाच साधारण १४०० मीटरवर आहे, त्यामुळे सवयीची सुरुवात गावातच झाली म्हणा.

मेरू हा ज्वालामुखी. उंची ४५६६ मीटर, टांझानियात किलिमांजारोच्या खालोखाल. पूर्वेकडची त्याची भिंत काही हजार वर्षांपूर्वी ढासळली, त्यामुळे वरून बघितलं तर घोड्याच्या नालेसारखा दिसतो आणि आत राखेचा एक स्वतंत्र सुळका उभा आहे. १९१० साली त्यानं शेवटची थोडी खदखद केली, त्यानंतर गप्प आहे. आपण माळव्यात राहणारे लोकही ज्वालामुखीवरच राहतो, हे आपल्याला आठवत नाही. हा सगळा काळा दगड, ही कापसाची काळी माती, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. फक्त आपल्याकडे तो जमिनीच्या भेगांतून पसरला, थरावर थर बसले. तिथं तो शंकूसारखा वर उभा राहिला. दगड ओळखीचा वाटला, एवढंच सांगायचंय.

हा डोंगर अरुशा नॅशनल पार्कात आहे, म्हणून एकट्यानं फिरायची सोय नाही. गाइड हवाच, आणि वर बंदूकवाला रेंजर. बंदूक कशाला, ते पहिल्या तासातच कळलं. झाडीत रानरेडे चरत होते आणि वाटेपासून पन्नास पावलांवर तीन जिराफ उभे, आमच्याकडे बघत. रेंजर पुढे. त्याची चाल इतकी हळू की मला वाटलं, याला ड्युटीचे तास भरायचे असतील. मी दोनदा पुढे जायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यानं हात आडवा केला आणि म्हणाला, "पोले पोले, बाबू."

बाबू! बँकेत तीन तपं काढली, प्रमोशन घेत घेत अधिकारी झालो, आणि आफ्रिकेत जाऊन पुन्हा बाबू? मुलगा हसायला लागला. स्वाहिलीत बाबू म्हणजे आजोबा. पोले पोले म्हणजे हळूहळू. मग मी निमूट मागे चाललो. आमच्या गाइडची कसोटी साधी होती. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्याच्या मध्ये श्वास घ्यावा लागला, तर वेग जास्त आहे. त्यांच्यात एक म्हण आहे, तिचा अर्थ असा की घाईघाईत बरकत नसते. त्या म्हणीत शब्दही 'बराका' असाच आहे, आपल्याच बरकतीचा भाऊ. दोन्हींचं मूळ अरबी.

पहिला मुक्काम मिरियाकांबा हटला, अडीच हजार मीटरवर. लाकडी खोल्या, वर-खाली बर्थ, रेल्वेच्या स्लीपरसारखे. दुसऱ्या दिवशी जंगलातून लाकडी पायऱ्या. मी सवयीनं मोजायला लागलो आणि चारशेच्या पुढे सोडून दिलं. वाटेत एका कण्यासारख्या जागेचं नाव 'हत्तीची पाठ' आहे, तिथं बसून डबा खाल्ला. दुपारी सॅडल हट, ३५७० मीटर. म्हणजे जवळजवळ लेहच. फरक एवढाच की इथे मी पायी, दोन दिवसांत पोचलो होतो.

आणि इथं मला बारा वर्षांपूर्वीचं उत्तर मिळालं. दुपारी तीनला पोचलो. मी पाय पसरले. गाइड म्हणाला, चहा घ्या आणि चला. कुठे? समोर छोटा मेरू म्हणून टेकाड आहे, ३८२० मीटर, तिथं जायचं, थोडा वेळ बसायचं आणि परत इथं येऊन झोपायचं. आपल्याला वाटतं, एवढं चढून आलोय, आता उगाच चढ-उतार कशाला? पण सगळी युक्ती तीच आहे. दिवसा थोडं जास्त वर जायचं, रात्री खाली झोपायचं. शरीराला वरची हवा चाखवून आणायची आणि विचार करायला रात्र द्यायची. बँकेत नव्या कर्जदाराला आपण पहिल्याच दिवशी पूर्ण लिमिट देतो का? थोडं द्यायचं, खातं कसं चालतं ते बघायचं, मग वाढवायचं.

काय होतं ते मला समजलं तेवढं सांगतो. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं. पण हवेचा दाब कमी, म्हणून एका श्वासात मिळतो कमी. किलिमांजारोच्या माथ्यावर समुद्रकाठच्या निम्म्याहूनही थोडा कमी. शरीर आधी श्वास वाढवतं. मूत्रपिंडं रक्तातला क्षार बाहेर टाकून त्या वाढलेल्या श्वासाला मोकळीक देतात. त्याला काही दिवस लागतात. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे. हे कुठल्याही जिममध्ये होत नाही. कळसूबाई कितीही वेळा चढा, ती १६४६ मीटरची आहे. पाय तयार होतील, रक्त नाही. तब्येतीनं दणकट माणसाला उंची कमी लागते, हा आपला गैरसमज आहे. उलट तो वेगानं चढतो आणि आधी पडतो.

त्या रात्री गाइडनं सगळ्यांच्या बोटाला ते चिमट्याचं यंत्र लावलं. तेव्हा मला ते नवीन होतं, कोरोनानंतर घराघरात आलं. मुलाचं ८८, माझं ८२. रात्री एक वाजता माथ्याकडे निघायची तयारी झाली. मीही बूट घातले. कबूल करतो, मनात लालूच आली होती. गाइडनं विचारलं, डोकं? मी म्हटलं, थोडंसं. जेवलात? अर्धं. त्यानं माझ्या बुटांच्या नाड्या स्वतःच्या हातानं सोडल्या आणि म्हणाला, "बाबू इथं झोपेल." अपमान वाटला. खोटं कशाला बोलू? मग अंथरुणात पडून विचार केला, की २००६ साली खारदुंग लाच्या गाडीत बसताना माझ्या बुटांच्या नाड्या सोडणारं कुणी असतं तर.

मुलगा वर जाऊन आला. सकाळी नऊच्या सुमारास परतला तेव्हा गुडघ्यापर्यंत राख. दोन पावलं चढलं की एक मागे घसरतं, असं सांगत होता. विवराच्या काठानं जावं लागतं, आत खाली तो राखेचा सुळका, आणि सूर्य उगवताना समोर ढगांवर किलिमांजारो. पण मला त्यानं सांगितलेली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. ४२०० च्या वर त्याला एकदा उलटी झाली. गाइडनं बसवलं, वीस मिनिटं थांबवलं, पाणी पाजलं, चाल आणखी कमी केली, मग ठीक झालं. म्हणजे स्वतःचं शरीर कुठे आणि कसं तक्रार करतं, हे त्याला या लहान डोंगरावर कळलं. तिथं खाली उतरायला तीन तास लागतात. मोठ्या डोंगरावर पहिल्यांदा कळलं असतं तर महागात गेलं असतं.

(जाता जाता: मेरूच्या माथ्याचं नाव काय, तर सोशलिस्ट पीक! टांझानियानं १९६७ साली अरुशा घोषणेनंतर बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं, आपलं १९६९ च्या जुलैत झालं. राष्ट्रीयीकृत बँकेतल्या माणसाला चढायला याहून योग्य शिखर कुठलं? आणि मला त्याच्याच पायथ्याशी झोपवलं.)

दोन रात्री अरुशात काढल्या आणि पुतण्या आला. त्याच्या रजेच्या हिशेबानं किलिमांजारोचा मचामे मार्ग सहा दिवसांत करायचा होता. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरला जातात, ४६०० मीटर, आणि झोपायला खाली बारांकोला, चार हजाराच्या आत. तीच युक्ती. पुतण्याचं डोकं तिथून दुखायला लागलं. तो कुणाला बोलला नाही. गाइड रोज सकाळ-संध्याकाळ विचारायचा, हा म्हणायचा, एकदम मस्त. का? तर परत पाठवतील म्हणून.

माथ्याच्या रात्री, पाच हजारांच्या वर, तो पाय वेडेवाकडे टाकायला लागला. गाइडनं त्याला सरळ रेषेत, टाचेला बोटं लावून चालायला सांगितलं. दोन पावलांत तोल गेला. गाइडनं एक मिनिट वाया घालवलं नाही. सहायक गाइडबरोबर त्याला तिथूनच उलटा खाली पाठवला. पुतण्यानं रडून घेतलं, इतके पैसे भरलेत म्हणाला, शिव्या दिल्या. मराठीत, त्यामुळे बिचाऱ्यांना कळल्या नाहीत. सकाळपर्यंत तो तीन हजारांच्या जवळ आला होता आणि स्वतःच चालत होता. मुलगा त्याच सकाळी उहुरू शिखरावर पोचला, ५८९५ मीटर.

त्या रात्री अरुशाच्या खोलीत आम्ही दोघं जागे होतो. सकाळी सातला फोन वाजला. हिनं उचलला आणि शिखराचं काही न विचारता पहिलं विचारलं, "नीट चालता येतंय ना त्याला?"

आता तुम्ही म्हणाल, दोन माणसांवरून नियम काढता? नाही काढत. असेही लोक आहेत जे पाच दिवसांत जाऊन हसत परततात. माझ्या मित्राच्या मुलाचा कुणी ओळखीचा तसा आलाच आहे, आणि तोच पुरावा म्हणून कोठी रोडवर मला ऐकवला गेला. सगळं नियमानं करूनही काहींना त्रास होतो, हेही खरं. पण कर्ज देताना आपण असं म्हणतो का, की अमक्यानं तारण न देता फेडलं, म्हणून तारण नकोच?

पाच दिवसांचं गणित मांडून बघा. मरांगू मार्गावरचे मुक्काम २७२०, ३७२० आणि ४७२० मीटरवर आहेत. रोज झोपायची जागा हजार मीटरनं वर. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज साधारण पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं या विषयातले डॉक्टर सांगतात. म्हणजे दुप्पट वेग. त्याच मार्गावर होरोंबोला एक रात्र जास्त राहता येतं. ती एक रात्र वाचवायला लोक कंपन्यांशी घासाघीस करतात. स्वस्त का मिळतं, तेही समजून घ्या. पार्काचं शुल्क दिवसाप्रमाणे लागतं. दिवस कापला की दर उतरतो. मग उरलेलं कापायला हमालांची मजुरी असतेच. तिथं हमालाच्या पाठीवर २० किलोच्या वर ओझं द्यायचं नाही असा नियम आहे, गेटवर वजन होतं. दर फारच कमी असेल तर कुणाच्या ताटातून कमी झालाय, हे विचारायची आपल्याला लाज वाटू नये.

मी मेरूचाच आग्रह धरत नाही. मेरूही तसा झटपटच आहे, दोन दिवसांत साडेतीन हजार. त्याऐवजी किलिमांजारोवरच सात-आठ दिवसांचा लांब मार्ग घेतला तरी तेच साधतं. मेरू केला तर मात्र लगेच पुढे किलिमांजारो करायचा. कमावलेली सवय खाली आल्यावर काही दिवसांत ओसरायला लागते. गेल्या वर्षी मेरू केला म्हणून या वर्षी चालेल, असं नाही. डायमॉक्सच्या गोळ्या मिळतात, त्या सवयीला मदत करतात. पण डॉक्टरला विचारून. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी सांगायचं, आणि बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, तेव्हा घाबरायचं नाही. गोळी घेतली म्हणून दिवस कापायचा, हा मात्र पुन्हा माझाच जुना हिशेब. आणि बुकिंग करताना एक प्रश्न नक्की विचारा: गाइड किती? चार जणांना एकच असेल आणि एकाला उतरावं लागलं, तर एक तर चौघं उतरणार, नाही तर तो एकटा. पुतण्या वाचला तो दुसऱ्या गाइडमुळे.

किलिमांजारो पहिल्यांदा चढलेल्या हान्स मायरची गोष्ट मला मुलानं सांगितली. जर्मन माणूस. १८८७ साली अर्ध्यातून परतला, पुढच्या वर्षी तर बंडवाल्यांनी पकडून ठेवला, खंडणी देऊन सुटला. १८८९ ला लुडविग पुर्टशेलरबरोबर गेला तेव्हा त्यानं डोंगरावर वेगवेगळ्या उंचीवर तळ लावून ठेवले, शिधा वर येत राहील अशी व्यवस्था केली. म्हणजे एकदा जमलं नाही तरी पुन्हा खाली सपाटीपर्यंत यायला नको. वर राहायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात माथा गाठला. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाला जे कळलं ते आपण पॅकेजमध्ये काटछाट करून विसरतो.

आणि हे काय फक्त आफ्रिकेतल्या डोंगरांचं आहे? आपल्या उज्जैनमधून दर वर्षी किती मंडळी केदारनाथला जातात. साडेतीन हजारांच्या वरचं देऊळ. हेलिकॉप्टरनं वर, दर्शन, आणि खाली. वय सत्तर, बीपीची गोळी, आणि घरच्यांचा आग्रह की एकाच दिवसात आटपा. अमरनाथची गुहा तर ३८८८ मीटरवर. देव थांबायला नको म्हणत नाही, टूरचा तक्ता म्हणतो. मी स्वतः दोन घरांमध्ये हे बोलून वाईट झालोय. एका घरानं ऐकलं, गुप्तकाशीला एक रात्र जास्त काढली. दुसऱ्या घरानं मला म्हातारा भित्रा ठरवलं. ठीक आहे.

राग मला मित्राचा नाही आला. "धंदा आहे त्यांचा" या वाक्याचा आला. कारण हेच वाक्य, याच सुरात, मी २००६ साली त्या लडाखी माणसाबद्दल बोललो होतो. खोलीत बसवून जेवणाची बिलं वाढवायची असतील याला, असं मी हिला म्हटलं होतं. पहाटे त्यानं जीपचे पैसे घेतले नाहीत.

पुतण्या पुण्यात वर्षभर माझ्याशी नीट बोलला नाही. त्याच्या मते मी त्याला आधीच घाबरवून ठेवलं होतं. नंतर एकदा त्यानं कुणा मित्राला सात दिवसांचा मार्ग घ्यायला सांगितलं, असं मला मुलाकडून कळलं. मला स्वतःहून काही बोलला नाही.

काल संध्याकाळी मित्राचा फोन आला. मुलगा रविवारी घरी येतोय, तुमच्याकडे पाठवतो, तुम्हीच समजवा, म्हणाले. पैसे भरून झालेत, पण तारीख बदलता येईल बहुतेक. ही म्हणाली, पोहे मी करते, सांगा तुम्ही. मी म्हटलं, लेहचं तू सांग, तुझ्यावर बेतलं होतं. तर म्हणे, मला कुठे काय आठवतंय? आणि खरंच, त्या रात्रीतलं तिला काहीही आठवत नाही. चपलाही नाहीत आणि भावाचं नावही नाही. ते सगळं माझ्याकडेच आहे.